ब्रा धुण्याची जाळीची पिशवी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वॉशिंग मशीन कपडे घुसळताना अधूनमधून कर्रकर्र असा आवाज करू लागले, म्हणून दुरुस्तीसाठी कारागिराला बोलावले. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर त्याने ड्रम आणि बाहेरची टाकी यांच्यामधल्या फटीतून एक अर्धवर्तुळाकार पोलादी तार चिमट्याने बाहेर ओढली. तिच्या एका टोकावर प्लॅस्टिकचा इवलासा ठिपका अजून शाबूत होता, दुसऱ्या टोकावरचा उडाला होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली. माझ्या सर्वांत आवडत्या ब्राची ती वायर होती आणि ती ब्रा त्या वेळी दोरीवर वाळत होती, एका बाजूने लोंबलेली. त्याच आठवड्यात मी जाळीच्या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पिशव्या घेतल्या. हे परीक्षण त्या तीन प्रकारांचे आहे. त्यांपैकी एका पिशवीच्या वेष्टनावर ‘ब्राचे आयुष्य दुप्पट होते’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि नऊ महिने मी प्रामुख्याने तो दावा डोळ्यांसमोर ठेवून या पिशव्या वापरल्या.

दाव्याचे मोल ठरवायचे तर ब्रा नेमकी कशाने खराब होते, हे आधी पाहावे लागते. एवढ्याशा कपड्यात नायलॉन किंवा पॉलिस्टरची लेस, पॉलियुरेथेनचा फोम, पोलादाची वायर, धातूचे हूक, प्लॅस्टिकच्या कड्या आणि इलास्टेन असे कितीतरी पदार्थ शेजारीशेजारी शिवलेले असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा शत्रू वेगळा असतो. यांत सर्वांत महत्त्वाचे इलास्टेन. लायक्रा या नावाने सर्वांना ठाऊक असलेला हा धागा जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत तयार केला. मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी तो पुन्हा जागेवर येतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पण उष्णता, क्लोरीन, प्रखर ऊन आणि अंगावरचा घाम व तेलकटपणा यांनी त्याची ही परतण्याची ताकद हळूहळू जाते. ब्राचा भार खांद्याचे पट्टे पेलतात असा बऱ्याच जणींचा समज असतो. प्रत्यक्षात तो मोठ्या प्रमाणात पेलतो छातीखालून पाठीमागे जाणारा रुंद पट्टा, आणि त्या पट्ट्यातले इलास्टेन सैल पडले की तो पाठीवर वर चढू लागतो, कप पुढे कलतात, मग आपण खांद्याचे पट्टे आवळत बसतो आणि खांद्यांवर वळ उठतात. म्हणजे लेस कितीही नवी दिसली तरी पट्टा गेला की ब्रा गेली. म्हणूनच पाठीमागे हूकांसाठी दोन किंवा तीन ओळी दिलेल्या असतात: नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, सैल ओळीवर नीट बसली पाहिजे, म्हणजे पट्टा जसा सैलावेल तशा आतल्या ओळी कामी येतात. विकत घेतानाच सर्वांत आतल्या ओळीवर बसणारी ब्रा कोणत्याही पिशवीने वाचत नाही.

आता पिशवी यात काय करू शकते? पिशवीशिवाय मशीनमध्ये टाकलेल्या ब्राचे दोन प्रकारे हाल होतात. एक म्हणजे ओढाताण. खांद्याचे पट्टे दुसऱ्या कपड्यांच्या बाह्यांभोवती गुंडाळले जातात, पाण्याने जड झालेली जीन्स त्यांना आपल्यासोबत ओढत नेते, उघडा हूक लेसमध्ये अडकतो, फोमचा कप आतल्या बाजूला दुमडतो आणि वायर वाकून वाकून शेवटी टोकाजवळची शिवण फाडून बाहेर येते. दुसरा प्रकार म्हणजे गरम पाणी, चुकीचा साबण आणि जोरदार पिळणे. पहिल्या प्रकारावर पिशवी हा चांगला उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात तिचा काडीचाही उपयोग नाही, कारण जाळीतून पाणीही आत जाते आणि पाण्याची उष्णताही. वेष्टनावरचा दावा हा भेद पुसून टाकतो, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

पहिली पिशवी साधी, चपटी, चौकोनी आणि एका बाजूला चेन असलेली. तिची जाळी इतकी मोठ्या भोकांची होती की तिसऱ्याच धुण्यात हूकाचे टोक जाळीतून बाहेर आले आणि बाहेरच्या एका मोज्याचा धागा वीतभर ओढून घेतला. ब्रा सुरक्षित राहिली, मोजा गेला. त्यानंतर मी जाळी पारखण्याची एक सोपी रीत ठरवली आहे: ब्राचा हूक जाळीवर टेकवून हलकेच दाबायचा, आणि टोक आरपार गेले तर ती पिशवी ब्रासाठी नाही. मग बारीक विणीची चपटी पिशवी घेतली, ती या बाबतीत निर्दोष निघाली. तरी चपट्या पिशवीचा मूळ दोष उरतोच. ती आकार धरत नाही. पातळ, फोम नसलेल्या सुती ब्रासाठी ती पुरेशी आहे, परंतु फोमचे कप तिच्यात दुमडतात आणि एकदा पडलेली घडी सहजी जात नाही. शिवाय मी तिच्यात पाच ब्रा कोंबून पाहिल्या, तेव्हा आतल्या आत त्यांच्या पट्ट्यांची अशी वेणी झाली की ती सोडवण्यात पिशवीने वाचवलेला सगळा वेळ गेला. दोन, फार तर तीन ब्रा, सर्व हूक लावलेले आणि पिशवी थोडी रिकामी, इतपतच तिची मर्यादा आहे.

दुसरी पिशवी डब्याच्या आकाराची. तिच्या तळाला आणि झाकणाला प्लॅस्टिकच्या लवचीक कड्या शिवलेल्या आहेत, बाजूंना जाळीचे दोन थर असून मध्ये किंचित जाड, स्पंजासारखे अस्तर आहे. तिन्ही प्रकारांत मला हीच सर्वांत उपयोगी वाटली. तिच्यात ब्रा ठेवायची रीत अशी: हूक लावायचे, दोन्ही कप एकमेकांत न घुसवता शेजारीशेजारी राहू द्यायचे, पाठीचा पट्टा कपांच्या आत वळवायचा आणि खांद्याचे पट्टे त्यावर सोडायचे. नऊ महिन्यांत या पिशवीत धुतलेल्या एकाही ब्राच्या कपावर घडी पडली नाही आणि एकही वायर बाहेर आली नाही. तक्रार आहे ती तिच्या बांधणीबद्दल. साधारण सहाव्या महिन्यात झाकणाच्या कडीजवळची शिवण उसवली आणि कडीचे टोक बाहेर डोकावू लागले. वायर वाचवण्यासाठी घेतलेल्या पिशवीतून तिचीच कडी बाहेर यावी, यात थोडी गंमत होती खरी. दुहेरी दोऱ्याने मी ती पुन्हा शिवली, ती आजवर टिकली आहे.

चेनविषयी दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण दुकानात तिच्याकडे कोणी पाहत नाही. चेनचा सरकता तुकडा धुण्याच्या धक्क्यांनी मागे सरकतो आणि पिशवी मशीनमध्येच उघडते. चांगल्या पिशवीत चेन जिथे संपते तिथे इलास्टिकची एक छोटी टोपी शिवलेली असते, ज्यात तो तुकडा दडवता येतो. त्यामुळे तो सरकतही नाही आणि ड्रमवर आपटतही नाही. माझ्या डब्यासारख्या पिशवीला अशी टोपी आहे, चपटीला नव्हती. चपटी पिशवी दोनदा उघडली, आणि दुसऱ्यांदा तर ब्रा चादरीच्या खोळीत जाऊन बसली, जी मला चादर पसरताना सापडली.

तिसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकचा जाळीदार गोळा. आत एक लहान गोळा असतो, त्याभोवती कप बसवायचे आणि बाहेरचे दोन अर्धगोल एकमेकांत अडकवायचे. दिसायला कल्पना हुशारीची आहे. वापरात मात्र एका गोळ्यात एकच ब्रा मावते, तीही मध्यम मापाची आणि फोमच्या कपांची. गोळा ड्रममध्ये आपटत राहतो, त्याचा आवाज बंद दारातून ऐकू येतो, आणि पाठीचा पट्टा घट्ट दाबला गेल्यामुळे त्याच्या शिवणीत साबण राहून जातो. तो मी चार वेळा वापरला आणि कपाटात ठेवून दिला.

पिशवीचे फळ बरेचसे मशीनच्या मांडणीवर अवलंबून असते. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये कपडे उचलून खाली पडतात, त्यामुळे पीळ कमी बसतो. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये, विशेषतः मध्ये खांब किंवा खाली फिरती तबकडी असलेल्या मशीनमध्ये, कपडे एकमेकांभोवती आवळले जातात आणि तिथे पिशवी नसेल तर पट्टे हमखास ताणले जातात. दोन्हींमध्ये नाजूक कपड्यांचाच कार्यक्रम लावावा, पाणी थंड किंवा फार तर ३० अंश सेल्सिअसचे असावे आणि स्पिनचा वेग मशीन देईल तितका कमी ठेवावा. मी एकदा घाईत चादरी-टॉवेलांसोबत ६० अंशांवर ही पिशवी धुतली. ब्रा फाटली नाही, दुमडली नाही, पण तिच्या पट्ट्याला नंतर एक बारीक लहर आली, कडेचे इलास्टिक आणि कापड यांची लांबी जणू एकमेकांशी जुळेनाशी झाली. ती लहर पुन्हा गेली नाही. पिशवी तिथे काहीच करू शकली नाही.

ब्राच्या आत शिवलेली चिठ्ठी टोचते म्हणून आपण ती पहिल्याच दिवशी कापून टाकतो. कापायला हरकत नाही, पण आधी वाचावी. पाण्याच्या टबाखाली एक रेघ म्हणजे सौम्य धुलाई, दोन रेघा म्हणजे अतिसौम्य, टबात हात म्हणजे फक्त हाताने धुणे, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको आणि चौकोनातल्या वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायर नको. या खुणा आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेल्या आहेत. टबात हाताची खूण असेल तर ती पिशवीमुळे रद्द होत नाही. माझ्या एका बारीक लेसच्या ब्रावर ती होती आणि तरीही मी पिशवीच्या भरवशावर ती मशीनमध्ये टाकत राहिले. दोन महिन्यांत लेसच्या कडेची नक्षी केसाळ दिसू लागली, जणू कोणी ती बोटाने चोळली असावी. दोष पिशवीचा नाही, माझा आहे. परंतु वेष्टनावर ‘सर्व प्रकारच्या ब्रांसाठी’ असे लिहिणाऱ्यांचाही त्यात थोडा वाटा आहे.

साबणाबाबत पिशवीमुळे एक नवी अडचण उभी राहते. थंड पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही आणि तिचे न विरघळलेले कण बारीक जाळीत व फोमच्या शिवणींत अडकतात. वाळल्यावर कपाच्या खालच्या कडेला पांढरी रेघ दिसते, आणि ती नेमकी त्वचेला घासते. द्रव साबण वापरल्यापासून हा त्रास थांबला. तोही नेहमीपेक्षा कमीच घ्यावा, कारण फोम पाण्यासारखाच फेसही धरून ठेवतो. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र पूर्ण वर्ज्य. तो धाग्यांवर एक पातळ थर चढवतो, ज्याने कापड मऊ लागते पण घाम टिपण्याची त्याची क्षमता कमी होते आणि इलास्टिकवरही तो थर साचत जातो. क्लोरीनचे ब्लीच तर इलास्टेनचा उघड वैरी आहे: पांढरी ब्रा अधिक पांढरी करायला जावे, तर ती पिवळी पडते आणि सैलही होते. ब्रा रेशमी असेल तर एन्झाइमचा साबणही टाळावा, कारण त्यातील प्रथिने विरघळवणारे एन्झाइम घामाचे डाग आणि रेशीम यांत फरक करत नाहीत.

पिशवीची खरी परीक्षा हाताच्या धुण्याशी तुलना केल्यावरच होणार होती. त्यासाठी मी एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन ब्रा एकाच दिवशी घेतल्या, आतल्या बाजूला एकीला लाल दोऱ्याचा टाका घातला आणि दोन्ही आलटून पालटून वापरल्या. लाल टाक्याची कायम डब्यासारख्या पिशवीत, दुसरी कायम हाताने धुतली. न ताणता टेबलावर ठेवून शिवणकामाच्या फितीने मोजल्यावर नवेपणी दोन्ही पट्टे ६२ सेंटिमीटर भरले होते. नऊ महिन्यांनी हाताने धुतलेला ६४ आणि पिशवीत धुतलेला ६४.५ सेंटिमीटर भरला. एका घरातल्या दोन ब्रांवरून कोणताही सिद्धान्त मांडता येणार नाही, आणि अर्धा सेंटिमीटर ही फितीची नव्हे तर माझ्या बोटांची चूकही असू शकते. तरी इतके म्हणता येते की पिशवी हाताच्या धुण्याच्या पुष्कळ जवळ पोहोचते, आणि दोन्ही ब्रा सध्या हूकांच्या मधल्या ओळीवर आल्या आहेत.

मात्र हे हाताचे धुणे काळजीपूर्वक केलेले होते, हे सांगायला हवे. थंड पाण्यात द्रव साबण आधी विरघळवून त्यात ब्रा दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यायची, मग घाम साचतो त्या जागा, म्हणजे पट्ट्याची आतली बाजू आणि काखेजवळची कड, बोटांच्या पेरांनी हलके दाबायच्या, ब्रश लावायचा नाही, आणि फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांत खळबळायची. त्यानंतर पिळायची नाही. ती सुक्या टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करायची आणि वरून तळहाताने दाबायचे, की पाणी टॉवेल शोषून घेतो. मी याआधी कित्येक वर्षे ब्रा हातानेच धूत होते आणि तरीही त्या टिकत नव्हत्या, कारण दिवसभराच्या कामानंतर न्हाणीघरात उभे राहून मी त्या दोन्ही हातांनी करकचून पिळत होते. पिळताना एक हात कपावर आणि दुसरा पट्ट्यावर असतो. फोम, वायर आणि इलास्टेन या तिघांचेही एकाच हिसक्यात नुकसान करण्याची याहून सोपी रीत नाही. थकलेल्या हातांच्या अशा धुण्यापेक्षा पिशवीतले सौम्य धुणे निःसंशय चांगले. ज्यांचे हात थकत नाहीत त्यांना पिशवीची गरज नाही. अशा कोणी माझ्या ओळखीत नाहीत.

धुऊन झाल्यावर पिशवीचे काम संपते, आणि ते संपल्याचे आपल्या लक्षात राहत नाही. सुटसुटीत म्हणून मी दोनदा ब्रा पिशवीतच ठेवून पिशवी दोरीला अडकवली. जाडसर अस्तरामुळे आतला फोम दुसऱ्या दिवशीही ओलसर होता आणि त्याला कुबट वास येऊ लागला होता. मशीन थांबले की ब्रा लगेच बाहेर काढून कपांना ओलसर असतानाच हाताने आकार द्यावा. वाळत घालताना ती खांद्याच्या पट्ट्यांना धरून टांगू नये, कारण पाण्याने जड झालेले कप तासन्‌तास पट्ट्यांना खाली ओढत राहतात. दोन कपांमधला लहानसा भाग बहुधा ताणला न जाणाऱ्या कापडाचा असतो, तिथे चिमटा लावावा, किंवा ब्रा आडव्या जाळीवर सपाट ठेवावी. जागा सावलीची पण वाऱ्याची हवी. उन्हात इलास्टेन कमजोर होते आणि पांढरा फोम पिवळसर पडतो. याउलट, कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून दुसऱ्या कपड्यांच्या आड दडवलेली ब्रा नीट वाळतच नाही. ड्रायरची उष्णता तर पिशवीसकट घातक आहे, मग वेष्टनावर पिशवी ड्रायरमध्ये चालते असे लिहिलेले असो. पिशवीला चालत असेल, ब्राला चालत नाही.

किती वेळा धुवावी, याचे उत्तर हवामानावर आणि घामावर ठरते. साधारण दोन-तीन वेळा घातल्यावर, आणि व्यायामाची ब्रा असेल तर दर वेळी. घाम अंगावरून जावा तसा ब्रातूनही जायला हवा, त्यामुळे धुणे टाळून ब्रा टिकवण्याचा विचार उलटतो. तीच ब्रा सलग दोन दिवस न घालता मध्ये एक दिवस विश्रांती दिली की ताणलेल्या इलास्टेनला परत यायला सवड मिळते; माझ्या अनुभवात या एका सवयीचा परिणाम कोणत्याही पिशवीपेक्षा जास्त आहे. कप्प्यात ठेवताना एक कप दुसऱ्यात उलटा घुसवू नये, एकामागे एक उभ्या लावाव्यात, इतकेच.

घ्यायची असेल तर डब्यासारखी घ्यावी: जाळी हूक अडवेल इतकी बारीक, चेनला इलास्टिकची टोपी, कड्यांभोवती दुहेरी शिवण आणि आकार दोन-तीन ब्रांपुरता. वायरच्या आणि फोमच्या ब्रा मशीनमध्ये टाकल्याशिवाय ज्यांचे चालत नाही त्यांनी ती अवश्य घ्यावी. ज्यांच्याकडे फक्त साध्या सुती ब्रा आहेत त्यांना बारीक विणीची चपटी पिशवी पुरे. ज्या ब्राची वायर आधीच टोकाशी डोकावू लागली आहे, तिला मात्र पिशवीत टाकून आशेवर राहू नये. एक तर शिवण आतून बाहेरून घट्ट बंद करावी, नाही तर दोन्ही बाजूंच्या वायरी काढून ती ब्रा घरच्या वापराला ठेवावी. मी माझ्या लोंबलेल्या ब्राचे तेच केले. ‘आयुष्य दुप्पट’ हे वेष्टनावरचे शब्द मला मान्य नाहीत, पण नऊ महिन्यांत मशीनमधून कर्रकर्र आवाज पुन्हा आलेला नाही. मोठ्या भोकांच्या चपट्या पिशवीत आता मोजे धुतले जातात, आणि त्यांतला एकही अजून हरवलेला नाही.